जोडावरचा अंगठा

चैत्र सरला की आमच्या दुकानासमोरून मांडवाचे बांबू आणि भाड्याची भांडी वाहणारे टेम्पो सुरू होतात, आणि माझा मुलगा मला घरात जायला सांगतो. उद्धट बोलत नाही तो. "माय, आत ऊन कमी लागतंय बघ," म्हणतो. बाकीच्या वर्षात त्याला माझ्या उन्हाची काळजी नसते. लग्नसराई आली, पाटाचं आणि चौरंगाचं गिऱ्हाईक यायला लागलं, की त्याला आई उन्हात बसलेली दिसते.

अहमदपुरात आमचं दुकान आणि घर एकच आहे. पुढं सुतारकामाचं पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्या, मधे उंबरा. विधवा बाईचा हात लग्नाच्या पाटाला लागू नये म्हणून वैशाखात मी उंबऱ्याच्या आत. एवढंच आहे ते. फिरवून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आत बसून मी ज्वारी निवडते आणि कान बाहेर ठेवते. फळ्या चिकटवण्याचं काम चाललंय हे मला न बघता कळतं. आधी सगळे आवाज बंद होतात, करवत नाही, रंधा नाही. मग शिकंज्याचा, फळ्या आवळायच्या चापाचा, आटा कुरकुरतो. मग लाकडी हातोडा. फळ्या सपाट बसल्या असतील तर हातोड्याचा आवाज भरीव येतो. एखादी वर चढली असेल तर पोकळ येतो, आणि त्याच्या मागून माझ्या मुलाची शिवी येते. मग सुनेचा आवाज, "मी दाबूनच धरलं होतं." मी ज्वारीतला खडा काढते आणि बाजूला टाकते.

पाट ही सोपी वस्तू आहे असं लोकांना वाटतं. चार बोटं उंचीचं बसायचं लाकूड, त्यात काय. पण बसायला पुरेल इतकी रुंद सागाची फळी आता मिळत नाही आणि मिळाली तर आमच्यासारख्याला झेपत नाही. म्हणून अरुंद फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या. कडा रंध्यानं सरळ केल्या, उजेडासमोर धरून फट बघितली, कुठली बाजू वर ती खडूनं खूण केली, तरी काम अजून पुढंच असतं. ज्यानं हे काम केलं नाही त्याला खोटं वाटेल, पण चिकटवायचा पदार्थ चिकटायच्या आधी निसरडा असतो. कोरड्या फळ्या एकमेकींना टेकवा, हलत नाहीत. मधे सरस लागला की साबण लावल्यासारख्या सरकतात. शिकंजा जसजसा आवळावा तसतशी एक फळी शेजारणीच्या खांद्यावर चढायला बघते. नखाएवढी चढली आणि तशीच वाळली, तर तिथं कायमची पायरी. मग रंधा मारत बसा. वरची फळी पातळ होणार, खालची जाड राहणार, आणि पाट पावसाळ्यात डुलायला लागणार.

दुसरीकडे लोक कडेत बारीक खुंट्या घालतात, कुणी डोकं छाटलेले खिळे ठोकतात, म्हणजे फळी सरकत नाही. आमच्या घरात ते चालत नव्हतं. लग्नाच्या आणि देवाच्या लाकडात लोखंड घालायचं नाही हा माझ्या सासऱ्याचा नेम होता, आणि खुंटीनं पातळ फळी फुटते हे त्यांचं मत होतं. मग राहिली माणसाची बोटं. अंगठा वर, चार बोटं खाली, जोड मधे. अंगठ्याला पायरी लागली की वरची दाब, खालची उचल, आणि समोरच्याला सांग, आवळ. जो आवळतो त्याला जोड कळत नाही, कारण त्याचा जीव आट्यात असतो. ज्याला जोड कळतो त्याला हात सोडता येत नाही. म्हणून दोघं लागतात. आमच्या घरात दुसरी मी होते.

मी रेणापूरची. चौथी झाल्यावर शाळा सुटली, काही वर्षांनी लग्न झालं आणि इथं आले. आल्या उन्हाळ्यात सासूनं, आम्ही तिला आत्या म्हणायचो, मला शेडमध्ये बोलावलं. मला वाटलं चहा न्यायचाय. तर म्हणाली, "बस त्या फळीवर."

"कशापायी?"

"उचलून राहिली ती मधून. बस म्हटलं की बसावं. वजन बघूनच सून आणलीय."

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. दाराची मोठी फळी होती. दोन लाकडी ठोकळ्यांत अडकवून पाचरी मारल्या होत्या आणि ती मधे फुगत होती. तिच्यावर कागद टाकून मला बसवलं. सरस घट्ट होईपर्यंत उठायचं नाही. तेव्हा डब्यातला पांढरा गम आमच्याकडं नव्हता. सरसाचे तुकडे रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून शिजवायचे. जनावराच्या कातड्याचा आणि खुराचा तो वास माझ्या नव्या लुगड्याला लागला आणि धुऊन गेला नाही. माहेरी गेले तर धाकटी बहीण नाक धरून म्हणाली, "चांभाराच्यात दिली का गं तुला?" आईनं तिला चापट मारली. मला तेव्हा लाज वाटली. आता वाटतं, त्या वासाला घरात जागा तरी होती.

तर मी वजन म्हणून त्या शेडमध्ये गेले. बसल्या बसल्या हात रिकामे, म्हणून जोडावरून अंगठा फिरवत राहिले. एका ठिकाणी लागलं. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "इथं वर आलीय." ते म्हणाले, "गप बस, मला दिसून राहिलंय." त्यांनी पट्टी लावून बघितलं, मग हातोडा उचलला. मला बरोबर म्हणाले नाहीत. पण पुढच्या खेपेला फळीवर आत्या बसल्या आणि जोडावर मला बोलावलं.

मालकांबद्दल मी गोड बोलणार नाही. तापट माणूस होता. जेवणात खडा लागला तर ताट सरकवायचा. पण सरस लावल्यापासून तो धरेपर्यंत त्या शेडमध्ये भांडायला फुरसत नसायची, म्हणून तेवढा वेळ आमचं बरं चालायचं. "आवळा." "बस." "मधलं आधी." "कडेचा सोडा थोडा." "आता?" "आता आवळा." नवरा-बायकोत याच्याइतकं सरळ बोलणं आमच्यात दुसऱ्या कशावरून झालं नाही. परवा एका लग्नात कुणीतरी भाषण केलं की जोडपं म्हणजे सुतारानं एकजीव केलेल्या दोन फळ्या. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. फळीला आधी कापतात, तासतात, मग दोन्ही बाजूंनी आवळतात आणि वाळेपर्यंत सोडत नाहीत. बोलणाऱ्याला हे माहीत असतं तर त्यानं नवरीसमोर काढलं नसतं.

मालक श्रावणात गेले. कावीळ झाली, गावठी औषधात दिवस घालवले, नांदेडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेराव्यानंतर माझा मुलगा माधव दुकानात एकटा उभा राहिला. सून सुनंदा शिवणकामात हुशार, लाकडाला तिचा हात नव्हता. तेव्हा लातूरच्या एका शिकवणीची बाकं करायचं काम चाललं होतं. मी पदर खोचला आणि बाकांच्या फळ्या धरल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मीच धरत होते. कुणी काही बोललं नाही. त्या बाकांवर बसून पोरं डॉक्टर होणार, इंजिनियर होणार, त्यांच्या आया त्यांच्यासाठी उपास करणार, आणि त्या फळ्यांना विधवेचा हात लागलाय याची चौकशी कुणी केली नाही. अजूनही करत नाही. अभ्यासाच्या लाकडाला विटाळ नाही.

मग वैशाख आला. मी उंबऱ्याच्या आत गेले तो मोसम हाच.

जळकोट रस्त्यावरच्या एका चांगल्या शेतकरी घराण्यात लग्न होतं. नवरीची आजी गोदाकाकू स्वतः पाट सांगायला आली. दोन पाट, नवरा-नवरीचे. आमच्या सासऱ्याच्या हातच्या पाटावर तिची स्वतःची हळद झाली होती, म्हणून ती आमच्याकडंच येणार. चांगली बाई होती. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला येऊन बसली होती. तिचाही नवरा कधीच गेला होता.

ती पाट बघायला आली त्या दुपारी मी पहिल्या, नवरीच्या पाटाचा जोड धरून बसले होते. अंगठ्याला गम, कोपरापर्यंत भुसा. बाहेर ऊन असं की गम लावला की साय धरायला बघत होता, म्हणून मी मान वर केली नाही. "या काकू" म्हटलं आणि माधवला म्हटलं, "आवळ." तिनं बघितलं. बाकावर बसून चहा घेतला, पावसाचं बोलली, प्रणिताचा, म्हणजे माझ्या नातीचा, गालगुच्चा घेतला आणि गेली. प्रणिता तेव्हा शाळकरी होती, सुट्टीचे दिवस होते, उंबऱ्यावर बसून आंबा चोखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाकाकू परत आली. चहा नको म्हणाली.

"माधवा, काल पाट कुणी धरला होता रे?"

"मायनं."

"दुसरा कर बाबा."

"काकू, तसलं लाकूड तेवढंच हाय. तुम्हीच निवडलेलं."

"मग हाच खोल आन् परत लाव. तुझ्या बायकूला धरू दे."

मी तिथंच उभी होते. मी नसल्यासारखं चाललं होतं. म्हटलं, "गोदाकाकू, तुमच्या कपाळाला तरी काय हाय? तुमी बी आलाव की लग्नाचं सामान बघायला."

तिला राग आला नाही. ती म्हणाली, "म्हणून तर सांगून राहिले, कौसा. सामान बघायला मी. हळदीच्या दिवशी मी मागच्या खोलीत. मला कुणी सांगावं लागत न्हाई. सख्खी नात हाय माझी, तिला हळद लागताना मी बघणार न्हाई. तुला कसं गं कळना?"

"फळीला कळत न्हाई हात कुणाचा हाय."

"फळीला न्हाई कळत, लोकाला कळतंय. उद्या पोरीचं काही वाकडं झालं तर नाव कुणाचं येईल? तुझंच. तुझ्या दुकानात मग कुत्रं फिरकायचं न्हाई. माझं ऐक."

वाईट हेतूनं बोलणाऱ्या माणसाला तोंड देता येतं. ही माझ्या भल्याचं बोलत होती. मी माधवकडं बघितलं. त्याच्याकडंच बघणं भाग होतं, दुकान त्याच्या नावावर झालं होतं. वाटलं, तो म्हणेल, काकू, पाट असाच जाईल, नको असेल तर राहू द्या. एवढं एक वाक्य. त्यानं भिंतीवरची करवत काढली.

पाट जोडावर उघडत नाही. चांगला लागलेला जोड लाकडापेक्षा घट्ट असतो, ओढलं तर शेजारचं लाकूड फाटतं पण जोड सुटत नाही. म्हणून त्याला जोडाच्या कडेकडेनं कापावं लागलं. गोदाकाकूसमोर कापलं, तिची खात्री पटावी म्हणून. वाळलेल्या जोडावरून मी सकाळीच अंगठा फिरवला होता. डोळे मिटून फिरवला असता तर तिथं जोड आहे हे मला स्वतःला सांगता आलं नसतं. करवत गेली तेव्हा रडू वगैरे आलं नाही मला. राग आला, आणि सागाचा लाल भुसा चटईवर सांडत होता त्याचा जास्त आला. उंबऱ्यावरून प्रणितानं विचारलं, "बाबा, चांगला पाट कापून का राहिले?" माधव करवत ओढत राहिला.

कापण्यात लाकूड गेलं म्हणून मधे एक पट्टी घालावी लागली. म्हणजे एका जोडाऐवजी दोन. सुनंदाला बोलावलं. ती घाबरली होती. बोटं कुठं ठेवायची कळेना. मी उंबऱ्याच्या आतून सांगत होते, "अंगठा जोडावर ठीव, जोडावर. फळीवर न्हाई." माधव म्हणाला, "माय, तू बोलू नको, ती गडबडून राहिली." मी बोलायची थांबले. फळी चढली. ती चढताना मला दिसली, सुनंदाला दिसली नाही. वाळल्यावर माधवनं रंधा मारला, पातळ झालेल्या बाजूवर पॉलिशचा जास्तीचा हात दिला, आणि पाट गेला. लग्न झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. नवरी त्या पाटावर बसली, उठली, सासरी गेली. ती आज लातूरला आहे, नवरा नोकरीला, लेकरं शिकतायत. एकदा एसटी स्टँडवर भेटली, पाया पडली. सगळं चांगलं झालं. म्हणजे पाट बदलला ते बरंच केलं, असं माझा मुलगा म्हणतो. पोरगी सुखी आहे, हा पुरावा माझ्या विरुद्ध आहे.

त्या वैशाखापासून कामाची वाटणी झाली. बाकं, टेबलं, खिडक्या, पोळपाट, मी धरायचे. पाट, चौरंग, देव्हारा, सुनंदानं. असं कुणी बसून ठरवलं नाही. पुढच्या पाटाच्या वेळी माधवनं सुनंदाला हाक मारली, मी ती ऐकली, झालं. सुनंदाला त्या कामाची हौस कधीच नव्हती. एकदा बोट शिकंज्यात चेंगरलं तेव्हा माझ्यासमोर फणफणली, "आत्याबाई, मला काय सोस हाय का तुमच्या जागेवर बसायचा? माझा नवरा जित्ता हाय म्हणून माझी बोटं चेंगरायची?" मी तिच्या बोटावर हळद बांधली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग माधवनं नांदेडहून लोखंडी लांब शिकंजे आणले. दुकानदारानं सांगितलं होतं, आता माणूस धरायला लागत नाही. मला त्यानं ते मोठ्या कौतुकानं दाखवले. शिकंजा ओढतो चांगला, त्याला तोड नाही. पण ओढणं आणि पातळीत ठेवणं ही दोन कामं आहेत. मालक आडव्या पट्ट्या वर-खाली बांधायचे, आधी मधला शिकंजा अर्धाच आवळायचे, मग अंगठा फिरायचा, मग पुढचा. माधव एका दमात सगळे आवळतो. लोखंड माणसासारखं "थांब" म्हणत नाही, त्याला ते सोयीचं वाटत असेल.

आणि हा वैशाख. प्रणिताचं लग्न.

ती नांदेडला नर्सिंग शिकली, तिथंच एका दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर लोकांची रक्तं-जखमा बघते, देवाधर्माचं फारसं करत नाही, टिकली लावत नाही. मुलगा तिनंच बघितला, जळकोटकडचा आहे, बरा वाटला. लग्नाच्या आधी सुट्टी काढून घरी आली. माधव सागाच्या फळ्या काढून बसला होता, लेकीचा पाट करायला. ही शेडमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आज्जी धरंल तर मी पाटावर बसते. नाहीतर खाली बसते."

"खूळ लागलं का तुला?" माधव म्हणाला.

"खूळ मला न्हाई लागलं. मी आंबा खाऊन राहिले होते तवा बघितलंय मी. तुमी चांगला पाट कापला होता."

"तिकडच्या माणसांना कळलं तर?"

"कळू द्या. मीच सांगते त्यांना."

मला वाटलं सुनंदा पोरीला झापणार. ती म्हणाली, "धरू द्या की. घरचंच काम हाय. माझी तरी बोटं वाचतील." हसून म्हणाली, पण म्हणाली. माधव खूप वेळ कडेला रंधा मारत राहिला, ती कड आधीच सरळ होती. मग उठला आणि शेडचं शटर खाली ओढलं. भर दुपारी. म्हणजे परवानगी मिळाली, पण रस्त्यावरच्या कुणाला दिसायला नको.

मी उंबऱ्याबाहेर आले. हात धुतले, कोरडे केले. खरं सांगायचं तर आनंद झाला होता. सांधे दुखतात आता, मूठ पुरती मिटत नाही, पण अंगठ्याला अजून कळतं. सकाळी पोळपाटावर फिरवून बघितला होता, कुणी नसताना. माधवनं गम लावला. आत अंधार, पत्रा तापलेला, गमाची साय लगेच धरणार. प्रणितानं मोबाईलची बॅटरी लावली आणि फळ्यांवर वाकली.

"धर, माय," माधव म्हणाला. कितीतरी वर्षांनी म्हणाला.

मी अंगठा जोडावर ठेवला. पायरी लागली. डावीकडची फळी वर होती, किंचित. दाबायची आणि "आवळ" म्हणायचं, एवढंच होतं. मी मान वर केली, पोरीला म्हणायला की उजेड जरा अलीकडं घे. तर तिचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. उजेड खालून आलेला. कपाळ मोकळं. घामानं ओलं, मोकळं कपाळ.

ती घरी असली की ते कपाळ मी रोज बघते. ती टिकली लावत नाही, म्हणून मी तिला कधी टोकलं नाही, उलट सुनंदा टोकते तेव्हा मी मधे पडते. पण त्या क्षणाला मला ते दुसऱ्या कुणाचं तरी कपाळ वाटलं. पुढं कधीतरी दिसणारं. माझा हात आपोआप उचलला गेला, तव्याला लागल्यासारखा.

"काय झालं?" माधव ओरडला. "गम वाळून राहिलाय."

"सुनंदा, तू धर."

"आत्याबाई?"

"तू धर म्हटलं ना. माझा हात दुखून राहिलाय."

सुनंदा धावत आली, तिनं धरलं, माधवनं एका दमात आवळलं. फळी जिथं चढायची तिथं चढली. कुणाला काही सुधारायला वेळ नव्हता. मी मागं सरकून पिंपाला टेकून उभी राहिले.

शिकंजे लागल्यावर माधवनं कपाळ पुसलं आणि लेकीला म्हणाला, "बघितलंस? मायलाच नको हाय." तो चिडवून बोलला नाही. सुटल्यासारखा बोलला. इतकी वर्षं त्याच्या मनावर काही असेल तर ते त्या वाक्यात उतरून गेलं. त्यानं जाऊन शटर वर केलं.

प्रणितानं बॅटरी बंद केली. तिच्या धंद्यात तिला दुखणारा हात आणि न दुखणारा हात ओळखू येतो. तिनं माझा हात धरून बोटं दाबून बघितली नाहीत. मी तिला सांगू शकले असते की भीती तिच्यासाठी वाटली. पण गोदाकाकूलाही नातीसाठीच वाटली होती. तिनं निदान तोंडावर सांगितलं, हात दुखतो म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले. माधव रंधा घेऊन पुढं आला तर प्रणिता म्हणाली, "रंधा मारू नका, बाबा. राहू द्या तसाच." तो चिडला, मग लग्नाच्या इतर धावपळीत त्यानं नाद सोडला. पाटाला पॉलिश झालं. पायरी तशीच राहिली.

हळदीला मी मागच्या खोलीच्या दारात बसले होते. मला तिथं कुणी बसवलं नव्हतं. अंगणात बायका जमल्या, जात्यावरची गाणी कुणाला येत नव्हती म्हणून मोबाईलवर लावली. पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळी काढली. प्रणिता आली, पाटाजवळ थांबली, आणि पाटाच्या बाजूला नुसत्या सतरंजीवर बसली.

"अगं, पाटावर बस ना," एक मावशी म्हणाली.

"खाली बरं हाय मावशी."

"अशी कशी खाली? नवरी हायस तू."

"मी सांगितलं होतं घरात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बायकांना वाटलं शिकलेल्या पोरीची काहीतरी नवी तऱ्हा असेल. सुनंदानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि वाटीत बोटं बुडवली. मांडलेला पाट रिकामा बरा दिसत नाही म्हणून कुणीतरी हळदीची परात उचलून त्याच्यावर ठेवली. परात जोडावर बसली, एका बाजूनं नखभर वर. कालवलेली हळद पातळ झाली होती. बायका हळद घ्यायला वाकत होत्या, गात होत्या, आणि मी दारातून बघत होते ती हळद परातीच्या एकाच कडेला जाऊन साचत होती.